कासमचं ग्रीस

कासमला काहीही दाखवा, तो ते आधी ग्रीसच्या तराजूत घालायचा. अरबस्तानातल्या खोर फक्कानच्या किनाऱ्यावर हातभर सुरमई आली आणि सगळे वाहवा करू लागले, की हा म्हणणार, "मासा बरा हाय. पन ग्रीसमदे..." आणि वाक्य तिथेच सोडून देणार. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. बकरी, खजूर, शेठचं नवं कुलूप, कशाचीच त्यातून सुटका नव्हती. एकदा मला शिंक आली तर म्हणाला, "भाऊ, ग्रीसमदे असा वारा लागत नाय."

ही साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं एका अरब व्यापाऱ्याकडे नोकरीला होतो. मी कारकुनी करायचो, तो शेठची होडी सांभाळायचा. दोघंही रत्नागिरीकडचे, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा घरगुती असत. इथे येण्याआधी कासम एका ग्रीक मालकाच्या बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. तेवढ्या भांडवलावर त्याने अख्खा देश खिशात टाकला होता.

गावातली घरं मातीच्या नाहीतर झावळ्यांच्या रंगाची. कासमचं मात्र पांढरंफटक, आणि दार निळं. कोकणातल्यासारखे शिंपले भाजून त्याने स्वतः चुना केला होता, आणि दर ईदेला भिंतींना नवा हात द्यायचा. अरब शेजारी उन्हात डोळ्यांवर हात धरून त्या घरावरून जायचे. पण पाहुणा आला की कासम त्याला घरात न्यायचा नाही, होडीत घालायचा. "घर आदी लांबून बगायचा असतो. यल्ला, चला!" आणि खाडीतल्या एका खडकाळ बेटावर नेऊन थेट माथ्यापर्यंत चढवायचा. माझ्या कित्येक वहाणा त्या बेटाने खाल्ल्या.

एका हिवाळ्यात दुबईला निघालेलं रत्नागिरीचं गलबत पाणी भरायला आमच्याकडे थांबलं. त्यावर दोन पाहुणे होते. एक त्या गलबताचा तांडेल यूसुफ, कासमचा बालमित्र. दुसरा दाऊद, कासमच्या बायकोचा, झुलेखाचा, थोरला भाऊ. झुलेखाला इकडे पाठवायची की नाही, ते दाऊदच ठरवणार होता. कासम वर्षानुवर्षं याच दिवसाची वाट बघत होता.

दाऊदने मात्र गलबतावरून उतरतानाच निकाल दिला. "हा थापाड्या हाय. लग्नात बोलला, आंब्याची चार कलमा हायत. बगतो तर एकच, ती पन शेजाऱ्याची! इथे तर झाड नाय, पानी नाय. माजी बहीन वाळूत राहील काय? खलास."

यूसुफने हाताला धरून ओढलं म्हणून तो होडीत बसला, तोही मुद्दाम किनाऱ्याकडे पाठ करून. बेट चढताना कासमचं ग्रीस सुरू झालं. यूसुफ भाबडेपणाने म्हणाला, "कासम, तिथल्या घरात आतमदी काय असतं रे?"

कासम एका खडकापाशी थांबला. मग म्हणाला, "मना ठाव नाय. कप्तानाने आमाला उतरूच दिला नाय. बोट बेटासमोर नांगरलेली, न् मी डेकवर कांदे कापीत होतो."

ज्या देशाच्या मातीला या गृहस्थाचा पाय लागला नव्हता, त्या देशाने माझे इतके दिवस खाल्ले होते! दाऊदने मांडीवर थाप मारली. "बगा! बोललो नव्हतो मी?" कासमचा चेहरा पार उतरला. त्या क्षणी झुलेखा पुन्हा रत्नागिरीला जाऊन बसली असं मला वाटलं, आणि मला दाऊदचा भयंकर राग आला.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. दुपारच्या नमाजाची वेळ. दाऊदने ऐटीत खांद्यावरचा पंचा अंथरला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आमच्या कोकणात मक्का पश्चिमेला आणि समुद्रही पश्चिमेला. लहानपणापासून किनाऱ्यावर नमाजाला उभा राहिलेला माणूस समुद्रच समोर घेणार. इथे किनारा उलटा, समुद्र पूर्वेला, मक्का मात्र पश्चिमेलाच. कोकणातून आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हे चुकतोच.

कासमने हळूच त्याच्या खांद्याला हात लावला. "दाऊदभाय, इथे दर्या पाठीमागं. किब्ला तिकडे, डोंगराकडे."

दाऊद ओशाळून वळला. नमाज झाली. यूसुफ उठला, कासम उठला, दाऊद बसूनच राहिला. समोर उघडेबोडके डोंगर, त्यांच्या पायथ्याशी खजुरीच्या बागांचा हिरवा पट्टा, आणि त्या हिरव्यात ते एकच पांढरं घर.

"ग्रीसचा घर डेकवरून असाच दिसायचा," कासम हलकेच म्हणाला. "सांच्याला एक बाई दारात दिवा लावायची. मनात आला, आपल्या झुलेखाला असा घर पायजे. मना भायेरलाच ठाव होता, म्हनून भायेरनं केला. आतलं ती करील."

दाऊदने डोळ्यांवर हात धरून घराकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाला, "हीर हाय?"

"मागं हाय. गोडा पानी."

"चूल खिडकीजवळ घाल. तिला धूर सोसत नाय."

यूसुफने अशी आरोळी ठोकली की खडकांवरचे सगळे पक्षी उडाले. मी अरबी, हिंदी, मराठी, जमेल त्या भाषेत ओरडलो. कासम जिंकला होता! उतरताना तो पोरासारखा उड्या मारत होता. एक वहाण समुद्रात गेली, त्याने वळूनही पाहिलं नाही.

होडीत बसल्यावर मात्र तो माझ्या कानाशी लागला. आवाज अगदी बारीक. "भाऊ, ती मना वळखील ना? निघालो तवा दाढीत एक केस पांढरा नव्हता."

पण दाऊदने ऐकलं होतं. तो गरजला, "अरे, बंदरात मी वळखला ना तुला? मी तर तुजा दुश्मन होतो!" आणि कासमच्या हातातली वल्ही काढून घेऊन तो स्वतःच मारू लागला.