सैतानासाठी लावलेलं कुलूप

सैतानाचा बंदोबस्त हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. त्याला समिती लागते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलकॉरिन गावाने हे वेळीच ओळखलं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की सगळ्यांनी गुडघे टेकून संत मिखाएलाकडे दुष्टापासून रक्षण मागायचं, असा ठराव झाला.

अडचण एकच. मागच्या भिंतीला टेकून उभे राहणारे पुरुष ख्रिस्तप्रसाद जिभेवर विरघळायच्या आत गाडीत बसलेले असत. (गाड्या येतानाच रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या.) समितीने तीन रविवार शिरगणती केली. रक्षण झालेले एकशे चार, न झालेले एक्केचाळीस. या एक्केचाळिसांपैकी कोणाचंही काही वाईट झालं नव्हतं, हे समितीला फारच संशयास्पद वाटलं.

तेव्हा पुढच्या रविवारी 'आमेन' होईपर्यंत दारांना कुलूप घालण्यात आलं. आगाऊ सूचना दिली नाही, कारण ती सैतानालाही कळली असती.

भिंतीजवळच्या बार्टली हेशनला घाम फुटला. त्याच्या घराशेजारची म्हातारी डिलिया मधुमेहाची, हात थरथरणारे. मिस्सा संपल्याची चर्चची घंटा घरी ऐकली की ती इन्सुलिनची सुई टोचून घेई आणि पंधराव्या मिनिटाला बार्टली तिचं जेवण घेऊन दारात उभा राही. सात वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. आज घंटा केव्हाच वाजून गेली होती. फोन गाडीत होता. चर्चमध्ये आणायला समितीची मनाई.

किल्ली अध्यक्षा कन्सेप्टा टार्पीच्या पर्समध्ये. बार्टली तिच्या बाकापाशी गेला.

"कन्सेप्टा, दार उघड. डिलियाने सुई घेतली असणार. तिच्या पोटात काहीतरी जायला हवं."

"भिंतीवाल्यांकडे दर रविवारी एक म्हातारी तयारच असते रे!"

"मग चल माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघ."

"आणि इथं प्रार्थना कोण सांगणार? तुझा कुत्रा?" मग तिलाच दया आली. "बरं, डिलियाचं नाव यादीत घालते. टेक गुडघे."

मूळ प्रार्थना अर्ध्या मिनिटाची. पण समितीने तिला दुष्टांची यादी जोडली होती. त्यात कोल्हे होते, मोबाइल होते, डब्लिनहून आलेल्या सुना होत्या, एकूण सव्वीस. सत्ताविसावी डिलिया. तिच्यासाठी दहा 'नमो मरिया' प्रार्थना जास्तीच्या म्हटल्या गेल्या. सगळ्यांनी मनापासून म्हटल्या. दोघींना तर रडू आलं.

कुलूप चौतीस मिनिटांनी उघडलं.

डिलियाने टेबलावर काटा-चमचा मांडून ठेवला होता. वाट बघून ती पाव घ्यायला स्वतःच उठली असावी. पाय लटपटले, डोकं चुलीच्या लोखंडी कडेवर आपटलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तिने प्राण सोडला.

समितीच्या इतिवृत्तात नोंद आहे: 'कुलपाच्या आत असलेले एकशे पंचेचाळीस जण सुखरूप. मयत व्यक्ती गेली सात वर्षं प्रार्थनेला गैरहजर होती.' प्रार्थनेच्या गुणाचा याहून चोख पुरावा कोणता?

बार्टली आता चर्चच्या बाहेर, पायरीवर उभा राहतो. समितीने त्याला यादीत अठ्ठाविसावा क्रमांक दिला आहे.

तुम्हाला कन्सेप्टाचा राग आला असेल, डिलियासाठी गलबलूनही आलं असेल. चर्चमधल्या त्या दोघींनाही आलं होतं. तुमच्या शेजारच्या घरात आज कोण जेवणाची वाट बघतंय, हे माहीत नसताना तुम्हीही जागचे न हलता इथवर आलात. समिती तुमची हजेरी नोंदवून घेते. आमेन.