उजव्या हाताची तर्जनी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी धाकटीने घरी ठणकावून सांगितलं होतं, की बाकीच्यांचं काही असो, आपल्या हातून चूक होणार नाही. ती अंतराळयानाची सिस्टिम्स इंजिनिअर झाली होती. म्हणजे नेमकं काय, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं. कॉलेजने चार वर्षं समीकरणं घोटून घेतली, पण एक स्क्रू हातात दिला नाही. कामावर आल्यावर तिला कळलं, की इथे वायरवाले, पत्रेवाले आणि इंधनवाले एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. तिघांचे निरोप तिघांना पोचवत फिरायचं आणि शिव्या आपण खायच्या, याला सिस्टिम्स म्हणतात. मधल्या सुनेचं काम, फक्त पगारी.

पण ते यान!

गुरुवारी क्रेनच्या हॉलमध्ये ती त्याच्यासमोर उभी राहिली. दोन पुरुष उंच, सोनेरी पापुद्र्यात गुंडाळलेलं, भोवती दोरी. हे इथून उठून जाणार, जिथे वारा नाही, आवाज नाही, आणि पंधरा वर्षं एकटं फिरणार. सही करायला तिने उजवा हातमोजा काढला होता. दोरीवरून बोट कधी पुढे गेलं, तिलाही कळलं नाही. थंड लागलं. दोन सेकंद, फार तर.

मग मात्र तिने बोट झटकन मागे घेतलं. बोटाचं तेल वर उन्हात करपतं, काळं पडतं, पसरतं, हे कालच शिकवलं होतं. पंधरा वर्षं आपलं बोट आकाशात काळं होत फिरणार! कबुलीचा फॉर्म भरावा, तर ज्याच्या नावावर फॉर्म उघडा असेल, त्याला धुळीचा कणही न चालणाऱ्या स्वच्छ खोलीत जायचा पास मिळत नाही. पास उद्या मिळणार होता. सोमवारी यान खोक्यात बंद, आणि मग ते पृथ्वीवरच नसणार.

तिने दादाला फोन लावला. दादा गाड्या दुरुस्त करतो.

"कोणी पाहिलं का?"

"नाही."

"मग कशाला उकरतेस? आम्ही गाडी पुसतो आणि देऊन टाकतो."

"दादा, तिथे वर जाऊन पुसणार कोण?"

"मग फॉर्म भर," दादा म्हणाला.

तिने भरला. कोणतं बोट: उजवी तर्जनी. किती वेळ: दोन सेकंद. कारण: राहवलं नाही.

बटण दाबताच अकरा जणांचे फोन एकदम वाजले. क्रेनचा हूक हवेत थांबला. फॉर्म उघडला की काम बंद, असा नियम होता, आणि क्रेनचं काम झाल्याशिवाय सोमवारी खोका भरता येणार नव्हता. तपासनीस बाई निळा दिवा घेऊन धावत आल्या. दिवा लावला, तर ठसा दिसला. शेजारी दुसरा दिसला. त्रेचाळीसपर्यंत मोजून बाईंनी नाद सोडला. पत्रेवाले म्हणाले, ही वायरवाल्यांची बोटं. वायरवाल्यांनी इंधनवाल्यांचं खानदान काढलं. तीन खाती वर्षभरात पहिल्यांदा समोरासमोर बोलत होती, आणि मध्ये धाकटी उभी होती, आता आपला पास गेलाच असं समजून.

मुख्य अभियंता असलेल्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी उभ्या उभ्या फॉर्म वाचला, शेवटच्या रकान्यापाशी थांबल्या आणि क्रेनवाल्याकडे पाहिलं.

"बाई, हे बुजगावणं आहे," क्रेनवाला म्हणाला. "आत लोखंडाच्या विटा. उचलायच्या तालमीसाठी."

खरं यान महिनाभर स्वच्छ खोलीतच होतं. वजन तेवढंच, वर उरलासुरला पापुद्रा चढवलेला हा ठोकळा बारा वर्षं हॉलमध्ये उभा होता. हे पोरीला आधी का नाही सांगितलं, असं मोठ्या बाईंनी विचारलं. क्रेनवाला म्हणाला, ती ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने लग्नातही माझ्याकडे कोणी बघितलं नाही, तिचा भ्रम मोडवेना.

मग या ठशांचे मालक कोण, असं तपासनीस बाईंनी विचारल्यावर अख्खा हॉल स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"डावीकडून तिसरा माझा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मलाही तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. हात लावला सगळ्यांनी. लिहून हिने एकटीने दिलं." आणि त्यांनी फॉर्म बंद केल्याची सही केली.

शुक्रवारी पास मिळाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून धाकटी आत गेली.

खरं यान बुजगावण्याइतकं देखणं नव्हतं. जागोजागी ठिगळं, पट्ट्या, वायरींचे झुबके. खाली गुडघ्यांवर बसून एक शिवणकाम करणारी बाई सोनेरी पांघरुणाची शेवटची शिवण साध्या सुईने घालत होती, एकेक टाका ओढून बघत. ते टाके तिथवर जाणार होते. धाकटीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. हात आवरले, पण डोळ्यांचं काय करणार? मास्क भिजायला लागला.

तपासनीस बाईंनी तिचा दंड धरला. खाऱ्या पाण्याला आत परवानगी नाही, असं म्हणून त्यांनी तिला चौथ्या मिनिटाला बाहेर काढलं आणि बाकावर बसवलं. बाकावर कागदी रुमालांचा खोका होता. धाकटीने आत हात घातला. रिकामा.

"बाहीला पूस," बाई म्हणाल्या. "सकाळी वायरवाले या बाकावर बसून गेले."