मशीनच्या पोटातलं पाणी

भांडी धुवायच्या मशीनचं दार उघडलं आणि काकासाहेबांनी कपाळावर हात मारला. "आयला, परत?" तळाशी पाणी साचलं होतं. तेही खरकटं नाही, चांगलं पिण्याजोगं स्वच्छ!

बायकोचा, आवडाबाईंचा, उजवा हात प्लास्टरमध्ये गेल्यापासून हर्सूलच्या त्या घरातली भांडी काकासाहेबांच्या गळ्यात पडली होती. चारच दिवसांत त्यांनी फोनवर असं रडगाणं गायलं, की पुण्याच्या मुलानं, सत्यमनं, मशीनच धाडून दिलं. आता ते बिघडलं तर कंपनी परत नेणार आणि दुसरं यायला महिना लागणार. महिनाभर पुन्हा घासणी, राख आणि ते स्वतः! नुसत्या विचारानंच त्यांची कंबर धरली.

पहिल्या वेळी त्यांनी माहितीपुस्तक वाचून जाळी काढली. आत कढीपत्त्याची दोन पानं निघाली. एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं काढलेला माणूस, त्यानं लगेच मिशीवर ताव दिला. मशीन आठ दिवस मुकाट चाललं आणि पुन्हा पाणी! मग शिवराज मेकॅनिक आला. त्यानं पाइप सरळ केला, पंप पाहिला, मशीन चालवलं. सगळं पाणी भसाभसा मोरीत गेलं.

"काका, मशीन एकदम ठीक है. पाणी कुठून येतंय, मलाच कळंना."

"अरे, मेकॅनिक तू का मी?"

"कधी साचतं ते बघा ना जरा."

काकासाहेबांनी कॅलेंडर बघितलं आणि ते आणखीच चक्रावले. पाणी साचायचं ते नेमकं नळाला पाणी येतं त्याच दिवशी. त्या वेळी ते स्वतः गच्चीवर टाकीपाशी असत. पुढच्या खेपेला त्यांनी टाकी दिली सोडून आणि मशीनचं दार उघडून त्याच्यासमोर चटई टाकून बसले.

अकराच्या सुमाराला नळ सूं सूं करू लागला. काकासाहेब डोळे फाडून बघत राहिले. मशीनमध्ये थेंब नाही! तेवढ्यात डाव्या हातात नळी घेऊन आवडाबाई आल्या.

"सरका वाईच." त्यांनी नळी सरळ मशीनमध्ये सोडली.

"अगं, हे काय करतेस?"

"पाणी आठ-आठ दिवसांनी येतंय. स्टीलचं हाय, झाकणाचं हाय. इतकं चांगलं भांडं रिकामं ठिवायचं व्हय?"

"मी दोन वेळा उपसलं ते!"

"मला वाटलं, झाडाला घालताय."

काकासाहेबांना हसावं का रडावं कळेना. पण मशीन धडधाकट निघालं, आता परत जाणार नाही! त्यांनी खुशीत सत्यमला फोन केला, "कंपनीला कळव, काही बिघाड नाही." मग सकाळची खरकटी ताटं उचलून ते मशीनकडं वळले.

"खबरदार!" आवडाबाई आडव्या आल्या. "भरल्या पाण्यात खरकटं घालताय?"

थोड्या वेळानं काकासाहेब मोरीत पाटावर बसून, मशीनमधून तांब्या तांब्या पाणी घेत ताटं घासत होते. आवडाबाई दारात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या.

"लई कामाचं मशीन धाडलं बगा पोरानं."