डॉटीचं मरणोत्तर आगमन

इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या स्टुडिओत चौतीस वर्षं चाललेल्या 'ओली धुणी' या विनोदी मालिकेतले आजोबा ब्याऐंशीव्या वर्षी काम सोडून गेले आणि मालिका जिथे घडते त्या लाँड्रीतल्या बाकावर एक जागा रिकामी झाली. वाहिनीने तीन बैठका घेऊन ठराव केला: मालिकेत नवं पात्र आणावं; मात्र ते प्रेक्षकांना नवं वाटू नये. ठराव ऐकून कुणीही हसलं नाही. सगळी विनोदी मालिका काढणारी माणसं होती.

डॉटी नावाचं हे पात्र नॉरीन ॲक्रॉइडला मिळालं. नॉरीन छप्पन्न वर्षांची. चौदा वर्षं तिने शाळेच्या खानावळीत पोरांच्या ताटात कस्टर्ड ओतलं आणि हौशी मंडळींत नाटकं केली. निवड झाली त्या दिवशी केस झाकायची डोक्यावरची जाळी काढून मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवली आणि दोन शब्द असे सुनावले, की परत जायची सोय उरली नाही.

चित्रीकरण तीनशे प्रेक्षकांसमोर. रीत अशी, की जुनं पात्र दारातून आलं की आधी टाळ्या. त्या थांबेपर्यंत पात्राने सावकाश कोट काढायचा. डॉटी आली. कोट काढला. टाळी नाही. कोटाची घडी घातली. तरी नाही.

"ही कोण गं?" तिसऱ्या रांगेतल्या बाईने शेजारणीला विचारलं.

"कुणास ठाऊक. आपल्यातली नाही."

"तोंडच आगाऊ दिसतंय मेलीचं."

हा भाग टीव्हीवर तीन आठवड्यांनी दाखवायचा होता. तक्रारीची चारशे बारा पत्रं त्याआधीच आली. निर्माता क्लाइव टॉप्लिस याने नॉरीनला चहाला बोलावलं.

"नॉरीन, राणी, बिस्कीट घे."

"चॉकलेटचं? म्हणजे बातमी वाईटच."

"लोकांना तू खटकत नाहीस गं. तू दिसतेस, ते खटकतं."

"मग काय करू? गायब होऊ?"

"हळूहळू," क्लाइव म्हणाला.

दुसऱ्या भागात डॉटी वाफ धरलेल्या काचेमागून गेली. तिसऱ्यात तिचा नुसता हात दिसला. चौथ्यात आतल्या खोलीतून तिची शिंक ऐकू आली. तिचे संवाद धुलाईच्या चार नंबर यंत्राला दिले. ते खडखडलं की लोक पोट धरून हसत. पत्रं मात्र वाढली. ही बाई लपते का? हिला दडवायचं काय आहे?

मग प्रेक्षक-समाधान विभागाने अहवाल दिला. चौतीस वर्षांत प्रेक्षकांनी एकमुखाने प्रेम केलं ते फक्त मेलेल्या पात्रांवर. सबब डॉटीला मागील तारखेपासून मृत समजावं.

"अरे, पण मी अजून धड आलेसुद्धा नाही!" नॉरीन ओरडली.

"म्हणून तर सोपं जाईल," क्लाइव म्हणाला.

अंत्यविधीच्या भागात यंत्रांच्या वर डॉटीची तसबीर लागली. पडदा सरकला आणि तीनशे माणसं ताडकन उभी राहिली. चार मिनिटं टाळ्या! तिसऱ्या रांगेतली बाई हुंदके देत होती, "काय बाई होती! पहिल्या दिवसापासून जीव लावला हो तिने."

पडद्याआडून नॉरीन धावत क्लाइवकडे गेली. "ऐकलंस ना? आता मला परत घे! जुळी बहीण कर, भूत कर, काहीही कर!"

"जुळी बहीण ठरलीच आहे. सोमवारी निवड आहे, ये ना."

नॉरीन गेली. अहवाल आला: उमेदवार मेहनती आहे, पण डॉटीची सर नाही.

"राग मानू नकोस," क्लाइव म्हणाला. "पण लोक डॉटीला इतकं मानतात, तिच्या जागी कुणालाही कसं उभं करू?"

नॉरीन फाटकाबाहेर आली. तिथे लावलेल्या डॉटीच्या दुसऱ्या तसबिरीपुढे फुलं वाहायला माणसं जमली होती. ती थेट पुढे गेली.

"अहो, मीच डॉटी आहे."

"लाज नाही वाटत, मेलेल्या बाईचं नाव लावायला?" एक म्हातारे गृहस्थ खेकसले. "आणि मध्ये काय घुसता? रांग आहे ना!"

नॉरीन मागे जाऊन रांगेत उभी राहिली.

तुम्हालाही तिच्याबद्दल वाईट वाटत असेल. चांगलं आहे. फुलं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. रांगेच्या शेवटी एक बाई उभी आहे, तिच्या मागे उभे राहा. तिच्याशी बोलायची गरज नाही.