पेशंटला शिफ्ट करा

भरे नावाच्या गावातल्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर शुभांगी भर दुपारी तपासणीच्या टेबलावर पांढरी चादर डोक्यावरून ओढून झोपली होती. यात तिच्या दृष्टीने वावगं काहीच नव्हतं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात रेसिडेंट डॉक्टर म्हणून काढलेल्या वर्षांत ती मिळेल तिथे झोपायला शिकली होती. धुवायला चाललेल्या कपड्यांच्या गाठोड्यांवर, एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर, एकदा तर लिफ्टमध्ये उभ्याने. तोंडावर चादर घेतली की ट्यूबलाइटचा त्रास होत नाही आणि कुणी ओळखून उठवतही नाही, हे शहाणपण तिथलंच.

रेसिडेन्सीने तिला आणखीही बरंच काही दिलं होतं. ती उभ्याउभ्या जेवायची, पळल्यासारखं चालायची आणि तोडून बोलायची. "कधीपासून? कुठे दुखतं? जीभ दाखवा." पेशंट गावाकडची हकिगत सांगू लागला की तिचा हात दाराकडे जायचा. लोक तिला वचकून असत. आपल्याकडे लोक येतात ते जवळपास दुसरा डॉक्टर नाही म्हणून, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

आदल्या रात्री वाडीवरच्या एका बाईला विंचू चावला होता. तिच्या उशाशी बसून शुभांगीची झोप झाली नव्हती, त्यात सर्दीची गोळी घेतलेली. नर्स घरी जेवायला गेली होती. अशा वेळी राजाबाई कान दाखवायला आली. पडदा सारून तिने आत पाहिलं आणि तशीच मागे फिरून बोंब ठोकली.

"आगं बया बया! डाक्टरीणबाई गेल्या!"

रस्त्यापलीकडे मेंढरं राखत बसलेला तिचा नवरा सावळा धावत आला. पाठोपाठ पिकअपवाला निलेश आला. सावळाने वाकून पाहिलं.

"ए, गप. चादर हालतीया. जीव हाय अजून."

राजाबाईने चादर खाली ओढली आणि शुभांगीला गदागदा हलवलं. "बाई! ओ बाई! मला वळखलं का?"

शुभांगीने डोळे उघडले नाहीत, पण खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "सलाइन लावा. रक्त तपासायला पाठवा. बारा नंबरचा ताप बघा."

हीसुद्धा रेसिडेन्सीचीच देणगी होती. वॉर्डातली सिस्टर रात्री हलवून काही विचारायची, शुभांगी झोपेतच बरोबर उत्तर द्यायची आणि सकाळी तिला त्यातलं काही आठवत नसे. पण हे इथे कुणाला ठाऊक असणार?

"वात झालाय," सावळा म्हणाला. "हितं खाट एकच. बारा नंबर कुटला काढला?"

"आरं, पर काय करायचं ते तरी इचारा!" राजाबाई म्हणाली.

निलेश शुभांगीच्या कानाशी वाकला. "म्याडम, पेशंट लई शिरियस हाय. काय करू?"

"मग वाट कसली बघताय? पेशंटला शिफ्ट करा!"

"बघा," निलेश सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आता तर सोता म्हणाल्यात."

डॉक्टरचाच हुकूम म्हटल्यावर शंका कुणी घ्यायची? याआधी गावात आलेले डॉक्टर रंगवलेली पाटी वाळायच्या आत निघून गेले होते. ही एकटी टिकली होती. आता हिलाच काही झालं तर पुन्हा साध्या तापालासुद्धा पिरंगुट गाठायचं, या विचाराने माणसं चटाचट कामाला लागली. सकाळी याच पिकअपमधून सावळाची काही मेंढरं बाजाराला गेली होती. तिच्यात घोंगडी अंथरून शुभांगीला निजवलं, आणि तिच्याभोवती निम्मी आळी दाटीवाटीने बसली.

पुण्याच्या वाटेवर पिरंगुटचा घाट ओलांडताना गाडी आदळली, हॉर्न वाजले, राजाबाईने गावातल्या एकेका देवाला नाव घेऊन नवस बोलले. शुभांगी झोपूनच होती. भूगावात मात्र रस्ता तुंबला. निलेशने इंजिन बंद केलं, पुढचं काही दिसेना म्हणून सगळे गप्प झाले, आणि शुभांगी खाडकन उठून बसली. वॉर्ड एकाएकी शांत झाला की काहीतरी बिनसलेलं असतं, हे तिच्या हाडात मुरलं होतं.

वर मोकळं आभाळ होतं. नाकात मेंढरांचा वास होता. समोर माणसांची रांग होती, सगळ्यांचे डोळे ओले.

"हे काय चाललंय? कुठे नेताय मला?"

"पडा, पडा," राजाबाईने तिला खांद्याला धरून आडवं केलं. "दवाखान्यात न्हेतोय."

"मावशी, मला काहीही झालेलं नाही! मी झोपले होते."

"आन तुमीच ह्यास्नी काय सांगितलं हुतं? पेशंट म्हनतो मला काय झालं न्हाई, तर त्याचं ऐकायचंच न्हाई. आधी तपासायचं."

हे वाक्य शुभांगीच्या सरांचं होतं. रोजच्या राउंडला ऐकून ऐकून ते तिचंच झालं होतं. त्याला उत्तर काय द्यायचं, हे सरांनी शिकवलं नव्हतं. लवकर तपासून घ्यावं आणि यांना घेऊन परतावं, एवढंच तिने ठरवलं.

ती जिथे रेसिडेंट होती, पुण्यातल्या त्याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तिला एका खाटेवर बसवून पडदा ओढला गेला. गावकऱ्यांना बाहेर काढलं. राजाबाई तेवढी पडद्याला चिकटून राहिली. मग एक मुलगी आली. अॅप्रनवर 'डॉ. आरोही' अशी पट्टी, हाताच्या पाठीवर पेनने लिहिलेली कामं, केस सलाइनच्या नळीच्या तुकड्याने बांधलेले. मी डॉक्टर आहे, असं सांगायला शुभांगीने तोंड उघडलं होतं. त्या मुलीचे जागरणाने लाल झालेले डोळे पाहिले आणि तिने ते सांगणं सोडून दिलं.

"काय होतंय?"

"काही नाही. झोप लागली होती."

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"याआधी कधी असं झालं होतं?"

"रोजच होतं."

आरोहीने गंभीरपणे मान हलवली. "पाठ करा इकडे. मोठा श्वास घ्या."

शुभांगीने श्वास घेतला. "सोडा" म्हणायला मात्र कुणी आलंच नाही. स्टेथोस्कोप पाठीवर होता तिथेच राहिला, आणि थोड्या वेळाने त्याच्याशेजारी एक कपाळ हलकेच टेकलं. आरोही उभ्याउभ्या झोपली होती.

शुभांगीने हळूच, कळेल न कळेल असा श्वास सोडला आणि तशीच ताठ बसून राहिली. पाठीवरचा तो भार तिच्या ओळखीचा होता. ही पोरगी आता काय काय शिकत असेल, ते तिला एकेक करून दिसू लागलं. विष प्यालेल्या माणसाला कसं वाचवायचं ते शिकेल. कुणाच्या छातीत खरंच दुखतंय, हे लांबून चेहरा बघून ओळखायला शिकेल. आणि माणूस बोलत असताना दाराकडे बघायलाही शिकेल. ते कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. शुभांगीला इथून बाहेर पडून वर्षं झाली होती. तिच्या दवाखान्याबाहेर कधी पाच माणसांची रांग नसते. मग आपल्याला घाई कसली असते?

पडद्याच्या फटीतून राजाबाईचं डोकं आत आलं. तिने झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, मग शुभांगीकडे, मग पुन्हा पोरीकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"म्हंजी तुमी बी..."

"हो," शुभांगी ओठातल्या ओठात म्हणाली.

"आन मी गावभर बोंबलले."

तेवढ्यात पलीकडून बुटांचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक आली, "आरोही कुठे आहे?" मोठे डॉक्टर राउंडला आले होते. ड्यूटीवर झोपलेली सापडली तर पोरीचं काय होईल, हे शुभांगीला नेमकं माहीत होतं, आणि राजाबाईला नुसत्या आवाजावरून कळलं. तिने डोकं बाहेर घेतलं आणि थेट त्यांच्या वाटेत बसकण मारली.

"सायेब, मला लई गरगरतंय वो!"

"आजी, तुमचा नंबर..."

"आन छातीत धडधडतंय. आन हात बधिर झालाय. ह्यो न्हवं, त्यो."

"कधीपासून?" डॉक्टर थांबले.

"आता कसं सांगू? आमची धाकली सून हाय न्हवं, तिच्या भावाच्या हळदीला गेलो हुतो बगा..."

ती हळद बरीच लांबली. इकडे शुभांगीने मान वळवून हळूच विचारलं, "डॉक्टर, श्वास सोडू का?"

आरोही दचकून जागी झाली. तिने घड्याळाकडे पाहिलं, पेशंटकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "सॉरी. सॉरी मॅम. प्लीज कुणाला..."

"माझी छाती साफ आहे. तुमचं तपासून झालं," शुभांगी म्हणाली. "तोंडावर पाणी मारा आणि मागच्या बाजूने बाहेर जा. सर पुढे आहेत."

ती गेली. शुभांगी पडद्याबाहेर आली तोवर राजाबाई चाकाच्या खुर्चीत बसलेली होती. तिने मोजून दिलेली लक्षणं इतकी झाली होती की मोठ्या डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवायचं ठरवलं होतं.

"मावशी, खरं सांगून टाका आणि चला."

"सांगितलं तर त्या पोरीला इचारत्याल, इतका वेळ कुटं हुतीस. ऱ्हाते की मी. गादी बरी दिसतीया." मग ती तोंड धुऊन परत आलेल्या आणि आता खुर्ची ढकलणाऱ्या आरोहीकडे वळली. "तू सकाळपासनं कायतरी खाल्लंस का न्हाई? बस हितं. आधी खा, मग मला सुया टोच."

आरोहीला हसू आलं आणि रडूही.

"पेशंटचे नातेवाईक कोण?" सिस्टरने विचारलं.

"मी," शुभांगी म्हणाली.

"नातेवाईकांनी बाहेर थांबा."

याच दारात उभं राहून हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल, याची गणती नव्हती. बाहेर म्हणजे कुठे, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेर आली. जिन्याखालच्या फरशीवर सावळा, निलेश आणि निम्मी आळी बसली होती. तिला चालत येताना पाहून सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. राजाबाईला काही झालेलं नाही, पण रात्रभर तिला इथेच ठेवणार आहेत, हे तिने सांगितलं. सावळाने सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"बसा बाई."

शुभांगी बसली. समोरचं दार बंद होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आत काय चाललंय ते सांगायला कधी येतात?"

"न्हाई येत," सावळा समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्यास्नी लई घाई असती."