रजेवरचा पूल

व्हेनिसमधला एक पूल रजा टाकून मालनवहिनींबरोबर आमच्या कॉलनीत राहायला येणार, हे मला सहलीच्या शेवटच्या सकाळी नाश्त्याला कळलं. आमच्याच ग्रुपमधल्या दोघीजणी पुढच्या टेबलावर बोलत होत्या. "पूल तयार आहे म्हणे, पण त्यांचं ऑफिस म्हणतंय की..." एवढं कानावर आलं आणि कुणीतरी कॉफीचं मशीन सुरू केलं. ते थांबेपर्यंत दोघी पर्समध्ये केळी टाकून उठल्या होत्या.

मालनवहिनी आणि मी भिंतीला भिंत लावून राहतो. त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की मी गॅस बारीक करायला उठते, इतकं जवळ. असं असून बातमी मला तिसरीकडून कळावी याचं वाईट वाटलं. मी चहाचा कप घेऊन सरळ त्यांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला सांगणारच होते, पण नक्की झाल्याशिवाय कसं सांगायचं. त्यांचे मिस्टर दिनकरराव ब्रेडला आंब्याचं लोणचं लावत नुसती मान हलवत राहिले.

झालं होतं असं. वहिनींचे गुडघे धड नाहीत. ग्रुप चर्च बघत हिंडायचा आणि वहिनी हॉटेलमागच्या एका लहान पुलाच्या पायरीवर बसून राहायच्या. बसल्या बसल्या त्यांनी पुलाला सगळं सांगितलं. आमच्या कॉलनीच्या कडेने ओढा जातो. पलीकडच्या काठावर त्यांची लेक पल्लवी दिली आहे. गॅलरीतून तिच्या दोरीवरचे कपडे दिसतात, पण जायचं तर हायवेला वळसा घालून दोन रिक्षा बदलायच्या. पल्लवी नोकरीची, नातीला घेऊन ती रविवारी येते. पण रविवारची आजी म्हणजे पाहुणीच. नात रेवती नुकती बोलायला लागली आहे, आणि ती शेजारच्या गिरणीवाल्या बाईंना आजी म्हणते.

पुलाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्यावरून इतक्या देशांची माणसं बोलत गेली होती की त्याला कुठलीच भाषा परकी नव्हती. तो म्हणाला, "माझी दोनशे वर्षांची रजा साठलेली आहे. मी येतो. ओढ्याची रुंदी तेवढी कळवा."

दिनकररावांनी जावईबापूंना फोन करून ओढा मोजून घेतला. पूल बरोबर बसत होता.

विमान संध्याकाळचं होतं. बाकीचा ग्रुप मुखवटे आणि फ्रिजला चिकटवायची चित्रं घ्यायला गेला आणि आम्ही तिघं तिथल्या कालव्यांच्या कचेरीत गेलो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण पिशवी धरायला माणूस लागतंच.

कचेरीतल्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांचं इंग्रजी आणि दिनकररावांचं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. बाई म्हणाल्या, रजा हा पुलाचा हक्क आहे, ती नाकारायचा प्रश्नच येत नाही. पुलाला व्हिसाही लागत नाही. फक्त बदली द्यावी लागेल. कालव्याच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात आणि रोज सकाळी पाव आणायला अलीकडे येतात. त्यांची काय सोय?

वहिनींनी पदर सारखा केला आणि उठल्या.

"राहू दे हो," त्या म्हणाल्या. "त्यांचा पाव तोडून मला नात नको."

दिनकरराव मात्र उठले नाहीत. म्हणाले, "बदली मी थांबतो."

"तुम्ही?"

"रिटायर झाल्यापासून मी घरी काय करतो? सोफ्यावर आडवाच असतो. तूच चारचौघांत सांगतेस. इथे आडवा पडेन."

वहिनींना हे खोडून काढता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही ते खोडता येईना, भिंतीपलीकडून मला सगळं ठाऊक.

बाईंनी शिंप्यासारखी टेप काढून दिनकररावांना डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं आणि मान हलवली. ते कालव्याच्या अर्ध्यापर्यंतच पुरत होते. बाईंनी एक बिस्कीट खाल्लं, थोडा विचार केला आणि निर्णय दिला. दिनकरराव जेवढे भरतात तेवढाच पूल सोडता येईल. उरलेला अर्धा कामावर राहील. आजपासून दिनकररावांची गणना पर्यटकांत न होता बांधकामात होईल, म्हणजे परतीच्या तारखेचाही प्रश्न उरणार नाही.

दुपार चार्ज देण्याघेण्यात गेली. वहिनींनी दिनकररावांना बीपीच्या गोळ्या दिल्या, भडंगाची पुडी दिली, कानटोपी चढवली. कुणी अंगावर असताना कूस बदलू नका, असं मात्र त्यांनी दोनदा बजावलं. मग अर्धा पूल उठला आणि त्याच्या जागी दिनकरराव कालव्यावर आडवे झाले. पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बूट हातात घेऊन एकदा जाऊन येऊन पाहिलं आणि पक्कं आहे अशी खूण केली. दिनकरराव खालून म्हणाले, पाठीला बरं वाटतंय.

निघताना वहिनी बराच वेळ मागे बघत होत्या. दिनकररावांना हात हलवता येत नव्हता, दोन्ही हात कामात होते.

विमानात अर्धा पूल दिनकररावांच्या सीटवर बसला. तिकीट भरलेलंच होतं. खिडकी त्यालाच दिली. खाली समुद्र लागला तेव्हा त्याने हळूच विचारलं, "इथे कुणाची ड्यूटी असते?"

मी म्हटलं, इथलं विमानंच बघतात. त्याला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर सगळी कॉलनी जमली. पुलाने आमचा काठ धरला आणि मधल्या पाण्यापर्यंत जाऊन तो थांबला. पलीकडे जावईबापू उभे होते. फोनवर त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी घड्याळ काढून पल्लवीकडे दिलं, पँट दुमडली आणि आपल्या काठावरून आडवे होत पुढे सरकले, ते थेट त्यांच्या हाताला पुलाचा दगड लागेपर्यंत. दोन्हींत बोटभरही फट राहिली नाही.

"या आई," ते म्हणाले.

वहिनी पुलावरून चालत मध्यापर्यंत गेल्या, आणि तिथे अडल्या. ज्या जावयाचे अधिक महिन्यात पाटावर बसवून पाय धुतले, त्याच्या पाठीवर पाय कसा ठेवायचा? त्यांनी पाऊल उचललं आणि मागे घेतलं. परत उचललं, परत मागे.

"नाही हो जावईबापू. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

पूल म्हणाला, मी माझ्या अर्ध्यापुरतं बोलू शकतो, पुढचं घरचं आहे.

तेवढ्यात रेवती पल्लवीच्या कडेवरून खाली उतरली. बापाची पाठ तुडवायची तिला रोजची सवय, कामावरून आले की ते तिच्याकडून कंबर तुडवून घेतात. ती पिंढरीवरून कंबरेवर, कंबरेवरून पाठीवर चालत आली. दगड सुरू झाला तशी थांबली. दगड पाहिला, मग वर पाहिलं.

"आजी, हात," ती म्हणाली.

वहिनींचे गुडघे वाकत नाहीत, तरी त्या वाकल्या.

तर पूल येणार ही बातमी अर्धी खरी निघाली. उरलेला अर्धा रोज सकाळी आंघोळ करून येतो, रेवती अलीकडे पोचली की कामाला उशीर नको म्हणून लगेच उठतो, आणि संध्याकाळी डबा घरी ठेवून पुन्हा येतो.