सुरक्षिततेसाठी थोडं जास्त

आकडा जन्माला येतो तेव्हा सडपातळ असतो. पुढे तो ज्यांच्या हातून जातो, ते त्याला मायेने भरवत राहतात. आपल्या हातून आकडा उपाशी गेला, असं कोणालाच ऐकून घ्यायचं नसतं.

एलोइझ बूड्रो हिचं काम असे आकडे जन्माला घालण्याचं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर एखादं जहाज रुतलं, की ते कशाने सुटेल याचं गणित ही जहाजांची अभियंता स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडते. (जहाज प्रत्यक्ष पाहण्याची अट नाही. मांडीवर सात महिन्यांचा रेमी नसावा, अशीही नाही.)

त्या सोमवारी जिप्सम भरलेलं एक जहाज वाळूवर चढून बसलं. तिचं उत्तर स्वच्छ होतं: चारशे ऐंशी टन माल उतरवा, गुरुवारच्या उधाणाच्या भरतीला जहाज आपसूक तरंगेल. गुरुवार चुकला तर महिनाभर तेवढं पाणी नाही. तोवर वादळांनी तळ फुटून सगळं तेल शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायच्या पिंजऱ्यांवर. त्यातले दोनशे पिंजरे एलोइझच्या वडिलांचे.

योजना सह्यांसाठी निघाली. बचावपथकाचे कॅप्टन मॅकेकर्न यांनी सुरक्षिततेसाठी पाव भाग वाढवला. विमेवाल्याने दीडपट केलं. बंदर कार्यालयाने दुप्पट. पर्यावरण विभागाने, आपली काळजी बंदरापेक्षा कमी दिसू नये म्हणून, पुन्हा दुप्पट. आकडा परत आला तेव्हा तीन हजार सहाशे टन झाला होता. जहाजावर मालच होता तीन हजार चारशे. उरलेले दोनशे टन कोठून उतरवावेत, यासाठी उपसमिती नेमण्यात आली. (जहाजाचा भोंगा आणि खलाशांचे पलंग तिच्या विचाराधीन होते.)

"कॅप्टन, अहो, थोडं कमी करा ना!"

"कमी करायला मला कारण लिहावं लागतं, पोरी. वाढवायला नुसती सही पुरते."

यात तर्काची चूक नव्हती. रेमीला बाहेर नेताना एक स्वेटर ती चढवते, एक नवरा, एक सासू. तिसऱ्यानंतर त्याचे हात खाली येत नाहीत. पण सर्दीचं खापरही कोणावर फुटत नाही. चौघांनी मिळून आकडा साडेसातपट केला होता, म्हणून एलोइझने आपल्या आकड्याला साडेसातने भागलं आणि मंगळवारी सकाळी 'सुधारित आकडा: चौसष्ट टन' असं कळवलं. एवढा कसा घटला, हे कोणी विचारलं नाही. (विचारण्यासाठी अर्जात रकाना नाही.) चौसष्टचे ऐंशी झाले, मग एकशे वीस, मग दोनशे चाळीस. सगळं सुरळीत चाललं होतं.

घात झाला तो पर्यावरण विभागात. तिथे त्याच सकाळी डेक्स्टर झ्विकर नावाचा नवा अधिकारी रुजू झाला होता. त्याने फोन केला.

"मॅडम, मी काही वाढवत नाही. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

दोनशे चाळीसच टन उतरवून जहाज ओढलं तर तळ फाटणार.

"असं नका करू हो! दुप्पट करा. सगळे करतात."

"पण चौसष्टवर सही तुमचीच आहे. तिघांनी आधीच वाढवलंय. आणखी कशाला?"

खरं सांगावं, तर खरा आकडा पुन्हा कॅप्टनपासून जेवत निघणार. तेवढ्यात रेमीने भोकाड पसरलं.

"बाळ आहे वाटतं?"

"सात महिन्यांचा. दात येतायत."

"म्हणजे झोप..."

"कसली झोप! परवा मी फोन फ्रिजमध्ये ठेवला आणि लोणी चार्जिंगला लावत होते."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"मॅडम, राग मानू नका. दुप्पट करतो."

तिला हायसं वाटलं. रागही आला.

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला जहाज चारशे ऐंशी टनांनी हलकं होऊन तरंगलं. अहवालात चारही सह्यांच्या दक्षतेचं कौतुक झालं आणि अर्जात नवा रकाना आला: 'अभियंत्याच्या घरी दात येणारं मूल आहे काय? असल्यास दुप्पट करावे.'

वाचकहो, हसू नका. कथेतलं निम्मंच खरं धरायचं ही तुमची सवय आम्हांला ठाऊक आहे. म्हणून इथले सगळे आकडे आधीच दुप्पट करून दिले आहेत. ज्यांनी पूर्ण विश्वासाने वाचलं, त्यांनी आपापला तळ तपासून घ्यावा.